मिक्सरची साफसफाई आणि निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी घरगुती जेवणाचे डबे करते. सकाळी सातच्या आत ओल्या खोबऱ्याचं वाटण, आलं-लसूण, हिरवी चटणी; आठवड्याला दाण्याचं कूट आणि सुक्या खोबऱ्याची चटणी; सहा महिन्यांनी गोडा मसाला. आमचा मिक्सर दिवसातून सात-आठ वेळा तरी सुरू होतो. शेजारणी, मैत्रिणी आणि डबा घेणारी मुलं पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते सगळं इथे एकत्र लिहिलंय. माझा अनुभव सांगते: मिक्सर वापरून कमी आणि भांड्याच्या तळातून झिरपणाऱ्या पाण्याने जास्त खराब होतो. म्हणून खाली बऱ्याच उत्तरांत मी तुम्हाला भांडं उलटं करून बघायला सांगणार आहे.

वाटण झाल्यावर भांडं कसं धुवायचं?

लगेच. वाटण काढलं की भांड्यात अर्धी वाटी पाणी घालायचं, हलवायचं आणि ते पाणी आमटीत ओतायचं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. चव वाया जात नाही आणि भांडंही निम्मं साफ होतं. त्यानंतर भांडं अर्ध्यापर्यंत कोमट पाण्याने भरा, भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब टाका, झाकण लावा आणि एक नंबरवर वीस-तीस सेकंद फिरवा. साबण जास्त झाला तर फेस झाकणातून वर येतो आणि खाली मिक्सरवर उतरतो. मग पाणी ओतून दोनदा विसळा.

बाहेरून घासताना तारेची घासणी वापरू नका. भांड्याच्या खालच्या बाजूला जो दात्यांचा भाग असतो तिथे नळाची धार सोडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. धुतलेलं भांडं तिरकं उपडं ठेवून पूर्ण निथळू द्या. ओलं भांडं तसंच मिक्सरवर चढवून ठेवायची सवय फार जणांना असते. रात्रभर त्यातून थेंब थेंब पाणी कुठे जातं, याचा विचार करा.

भांडं पाण्यात भिजत घातलं तर चालेल का?

नाही. आतमध्ये पाणी घालून अर्धा तास ठेवलं तर ठीक, पण अख्खं भांडं बादलीत किंवा सिंकमध्ये बुडवून ठेवायचं नाही. पात्याचा दांडा ज्या धातूच्या नळीत फिरतो तिला बुश म्हणतात. त्या बुशमध्ये वंगण असतं. बाहेरून पाणी शिरलं की वंगण धुऊन जातं, दांड्याला गंज चढतो आणि दोन-तीन महिन्यांत पातं जड फिरायला लागतं. भांडी धुण्याच्या मशिनमध्येही मी पात्याचं भांडं घालत नाही. गरम पाणी आणि तिखट साबणाने रबर कडक होतं. झाकण मात्र, प्लास्टिकला चालत असेल तर, घालायला हरकत नाही.

पात्याखाली अडकलेलं निघत नाही. काय करू?

जुना टूथब्रश. मी तो गरम पाण्यात धरून मानेपाशी थोडा वाकवून घेतला आहे, म्हणजे पात्याच्या खालून आडवा फिरतो. एकदा चांगल्या उजेडात भांड्यात डोकावून बघा: पात्याच्या मधल्या नटाभोवती आणि खालच्या चकतीला चिकटून एक करडा-तपकिरी थर दिसेल. तो बहुधा खोबरं आणि डाळीचा जुना साका असतो. बोटाने लागत नाही, पण नाकाला लगेच कळतो. आंबट वास तिथूनच येतो.

थर फार जुना असेल तर दोन चमचे खाण्याचा सोडा आणि गरम (उकळतं नव्हे) पाणी घालून अर्धा तास ठेवा, मग ब्रश. कोरडा मसाला चिकटला असेल तर मूठभर तांदूळ फिरवायचे. त्याचं पीठ कानाकोपऱ्यातली पूड उचलून आणतं. ते पीठ टाकून द्यायचं.

बोट पात्याखाली घालू नका. वीज बंद असली तरी पात्याची धार तीच असते.

लसूण, सुकट, बोंबील यांचा वास जातच नाही.

बहुतेक वेळा वास भांड्याला नसतो, झाकणाच्या रबराला असतो. रबर खोबणीतून काढा, सोडा लावून चोळा, धुवा आणि दोन तास उन्हात ठेवा. आठवड्यातून एकदा ते काढलंच पाहिजे, कारण त्या खोबणीत पावसाळ्यात काळी बुरशीही धरते. भांड्यासाठी पिळलेल्या लिंबाच्या साली आणि पाणी घालून अर्धा मिनिट फिरवा. भांडी झाकण लावून कपाटात ठेवू नका. कोंडलेली हवा वास धरून ठेवते.

आमच्याकडे सुकटीची आणि जवळ्याची चटणी वेगळ्या भांड्यात होते, ते भांडं दुसऱ्या कशाला वापरत नाही. डब्यात शाकाहारी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हे मी पहिल्या दिवसापासून पाळते.

हळदीचे पिवळे डाग?

आधी खाण्याच्या तेलाचं बोट फिरवा आणि दहा मिनिटं राहू द्या. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. मग साबणाने धुवा आणि झाकण किंवा प्लास्टिकचं भांडं कडक उन्हात ठेवा. हळदीतला रंग उजेडाने विटतो, म्हणून एक-दोन दिवसांत डाग फिका पडतो. ब्लीच किंवा तारेची घासणी लावलीत तर प्लास्टिकवर बारीक चरे पडतात आणि पुढच्या वेळी हळद त्याच चऱ्यांत घट्ट बसते.

भांड्याच्या खाली काळं, तेलकट पाणी दिसतं. हे काय आहे?

या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बुश झिजला किंवा दांड्याभोवतीचं रबरी सील गेलं की वरचं पाणी दांड्याच्या कडेने खाली झिरपतं. येताना झिजलेल्या धातूची पूड आणि जुनं वंगण घेऊन येतं, म्हणून ते काळं असतं. वरचं खाली येऊ शकतं, तसं खालचं वरही जाऊ शकतं. खोबऱ्याची पांढरी चटणी करताना एखाद्या दिवशी पात्याच्या मधोमध करडी रेघ दिसते. ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा जिऱ्याची असेल असं वाटलं होतं. जिरं त्या दिवशी घातलंच नव्हतं. ती चटणी टाकून दिली आणि तेव्हापासून भांडं तपासायची सवय लावून घेतली.

तपासणी सोपी आहे. भांडं अर्धं पाण्याने भरा, वर्तमानपत्राच्या कोरड्या कागदावर पंधरा मिनिटं ठेवा. कागदावर ओला गोल उमटला तर भांडं दुरुस्तीला द्या आणि तोवर वापरू नका. मिक्सर दुरुस्त करणारे लोक बुश, दांडा आणि सील नवीन टाकून देतात. नव्या भांड्यापेक्षा हे खूप स्वस्तात होतं. उशीर केलात तर तेच पाणी मोटरमध्ये उतरतं आणि मग खर्च भांड्याचा राहत नाही.

बुशला घरी तेल घातलं तर?

घालू नका. शिलाई मशिनचं तेल खाण्याचं नाही, ते अन्नात उतरू शकतं. खोबरेल थंडीत गोठतं, आणि खाण्याची बाकीची तेलं काही दिवसांत चिकट होतात, मग पातं आणखी जड. जड फिरणारा बुश बदलायचा असतो.

खालचा मोटरचा भाग कसा पुसायचा?

आधी पिन काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही.

मऊ फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि बाहेरून पुसा. बटणाभोवतीच्या खाचेत टूथपिकला कापूस गुंडाळून फिरवा, तिथे पीठ आणि तेल यांचा थर हमखास असतो. वरची जी खोलगट जागा आहे, जिथे भांडं बसतं, ती रोज पुसायची. बऱ्याच मिक्सरना तिथे सांडलेलं पाणी बाहेर निघावं म्हणून एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ते वाटणाने बुजतं आणि मग पाणी साचून मोटरच्या दांड्याकडे जातं. तुमच्या मिक्सरला असं भोक आहे का ते आजच शोधा आणि काडीने मोकळं करा.

खालच्या बाजूच्या हवेच्या जाळ्या महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडा. मोटर गार ठेवणारा पंखा त्याच जाळ्यांतून हवा ओढतो. मिक्सरखाली फडकं किंवा वर्तमानपत्र अंथरलंत तर ही हवा अडते. ओट्याच्या ज्या कोपऱ्यात पाणी साचतं तिथे मिक्सर ठेवायचा नाही. रात्री झुरळं उबदार मोटरकडे जातात, त्यामुळे आजूबाजूला पिठाचा कण राहता कामा नये. आच्छादन घालायचं तर मिक्सर गार झाल्यावर.

मिक्सर मध्येच बंद पडला. जळला का?

बहुतेक वेळा नाही. बुडाला किंवा बाजूला एक छोटं, बहुधा लाल, बटण असतं. मोटरवर फार भार आला की ते आपोआप बाहेर उडी मारतं आणि वीज तोडतं. ते मोटर वाचवण्यासाठीच आहे. पिन काढा, भांड्यातलं निम्मं वाटण काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बटण आत दाबा आणि पुन्हा सुरू करा.

परत लगेच उडालं तर भांडं उतरवून उलटं करा आणि खालचे दाते हाताने फिरवून बघा. सहज फिरले पाहिजेत. अडकत असतील, खरखर लागत असेल, तर दोष भांड्यात आहे. दुसऱ्या भांड्यावर मिक्सर नीट चालतो का तेही पाहा. ही दोन मिनिटांची तपासणी न करता लोक अख्खा मिक्सर उचलून दुरुस्तीला नेतात. माझ्या एका शेजारणीला मोटर बदलायला सांगितलं होतं. अडकलं होतं चटणीच्या भांड्याचं पातं.

किती वेळ सलग चालवावा?

आपल्याकडच्या मिक्सरवर बहुधा ३० मिनिटांचं रेटिंग लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ अर्धा तास सलग असा नाही. बहुतेक माहितीपुस्तिकांत पाच मिनिटं चालवून दोन मिनिटं विश्रांती, असं करत अर्धा तास असं दिलेलं असतं. गोडा मसाला करताना मी तर दोन मिनिटंच चालवते, कारण जास्त गरम झाला तर मसाल्याचा सुवास जातो.

आणखी एक गोष्ट. एक नंबरवर हळूहळू चालवला की मोटरला कमी त्रास, असं अनेकांना वाटतं. गार ठेवणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो. दांडा हळू फिरला तर पंखाही हळू, आणि जड वाटण असताना मोटर तापत राहते. म्हणून सुरुवात एकवर, चार-पाच सेकंदांत दोनवर, आणि वाटण सैल झालं की तीनवर.

जळका वास आणि ठिणग्या?

नव्या मिक्सरला पहिल्या काही वेळा थोडा वास येतो. तो मोटरच्या तारांवरच्या वार्निशचा असतो आणि मग थांबतो. जुन्या मिक्सरला अचानक वास आला, धूर दिसला तर लगेच बंद.

मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बनचे दोन छोटे तुकडे फिरत्या भागाला घासत असतात. अंधारात जाळीतून निळसर बारीक ठिणग्या दिसल्या तर ते नेहमीचंच. मोठ्या, नारिंगी ठिणग्यांचं कडं दिसायला लागलं, मिक्सर मध्ये मध्ये थांबून चालायला लागला, खाली काळी पूड पडली, तर कार्बन झिजले. ते जोडीनेच बदलायचे. काम छोटं आहे, पण पुढे ढकललं तर आतला तांब्याचा भाग खरवडला जातो आणि तो खर्च मोठा असतो.

मोटर फिरते पण पातं फिरत नाही.

कपलर गेला. मोटरवरचा आणि भांड्याखालचा असे दोन कपलर एकमेकांत अडकून फिरतात. बऱ्याच मिक्सरमध्ये वरचा प्लास्टिकचा किंवा नायलॉनचा असतो. भांडं अडकलं तर मोटर जाण्याआधी त्याचे दाते जातात, त्यामुळे तो तुटला याचं फार वाईट वाटून घेऊ नका. दाते झिजायचं नेहमीचं कारण म्हणजे मिक्सर पूर्ण थांबायच्या आत भांडं उचलणं. खडखड आवाज हे पहिलं लक्षण. बदलताना दोन्ही बाजूंचे दाते पाहून घ्या, एक नवा आणि एक झिजलेला असला की नवाही लवकर जातो.

स्वतः काढणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: आट्यांचा कपलर ज्या दिशेने मोटर फिरते त्याच दिशेने फिरवला की सुटतो. नेहमीच्या नटाच्या अंदाजाने उलटा जोर लावाल तर आणखी घट्ट होईल. पिन आधी काढलेली हवी, हे पुन्हा सांगते.

पात्याला घरी धार लावता येते का?

खडे मीठ फिरवलं की धार येते असं सांगतात. मिठाने पातं घासून स्वच्छ होतं, चिकटलेला थर निघतो, त्यामुळे काही दिवस वाटण बरं होतं. खरी धार त्याने येत नाही. मीठ फिरवलंत तर भांडं त्याच मिनिटाला धुऊन कोरडं करा, नाहीतर मीठ बुशपाशी गंज धरेल. पातं अगदीच बोथट झालं की नवीन बसवून घ्यावं.

बोथट होऊ नये म्हणून हळकुंड, सुंठ, मोठं जायफळ आधी खलबत्त्यात फोडून घ्या. सुकं खोबरं किसून, भाजून, गार करून घाला. दाण्याचं कूट सलग न फिरवता बटण उलटीकडे नेऊन थांबत थांबत करा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो आणि तो पात्याखाली घट्ट बसतो.

गरम टोमॅटो, कांदा, डाळ लगेच वाटली तर?

आत वाफ कोंडते आणि झाकण उडतं. हात, चेहरा भाजतो. पूर्ण गार होऊ द्या. घाई असेल तर ताट पाण्यात ठेवून पसरा. पारदर्शक प्लास्टिकच्या भांड्यात तर गरम काही घालूच नका.

भांड्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

त्या क्षणी वापर थांबवा. आत ओल गेली आहे किंवा तार उघडी पडली आहे. आधी प्लगचं अर्थिंग तपासून घ्या: तीन पिनांचा प्लग असेल तर तो तीन पिनांच्या आणि अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच हवा. ७५० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर साधारण सव्वातीन अँपिअर घेतो, पण स्वस्त, बारीक तारेच्या जोडावर चालवला तर तार तापते. ओल्या हाताने बटण फिरवू नका, ही सूचना जुनी आहे आणि रोज मोडली जाते.

पावसाळ्यात आणि पुरानंतर काय काळजी घ्यायची?

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत न वापरलेला मिक्सर आतून दमट होतो. उघडीप पडली की मोटरचा भाग दोन-तीन तास उन्हात ठेवा, मगच पिन लावा. भांडी कोरडी करून, झाकणं बाजूला काढून ठेवा.

पुराचं पाणी शिरलेला मिक्सर मात्र "चालतोय का बघू" म्हणून सुरू करायचा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला घराघरांत पाणी होतं. गाळ मोटरमध्ये बसतो, वरून वाळलेला दिसतो, आतून ओला असतो. उघडून, धुऊन, वाळवून घेणं जाणकार माणसाचंच काम आहे. भांडी उकळत्या पाण्याने धुता येतात, पण बुश आणि रबरं बदलायलाच हवीत.

मुलगी अमेरिकेला चालली आहे, इथला मिक्सर न्यावा का?

तिथे वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. इथला मिक्सर तिथे थेट लावला तर हळू फिरेल, दाणेसुद्धा धड वाटले जाणार नाहीत. वीज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि ७५० वॅटच्या मिक्सरला तो त्याच्या दुप्पट ताकदीचा घ्यावा, म्हणजे बऱ्यापैकी जड. त्यापेक्षा तिथल्या विजेसाठी बनवलेला भारतीय पद्धतीचा मिक्सर तिथे मिळतो, तो घ्यावा. सोबत झाकणाची दोन रबरं आणि एक कपलर इथून द्या, पण तिथल्या मॉडेलचे, आधी विचारून.

तिथला साधा ब्लेंडर आपल्या वाटणाला पुरत नाही, हे आजचं नाही. सुमीत मिक्सर बनवणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांनी १९६० च्या दशकात हे काम हाती घेतलं, ते घरातला परदेशी मिक्सर आपल्या डाळी-मसाल्यांच्या भाराने बंद पडला म्हणूनच. जोरदार मोटर आणि कोरडं-ओलं दोन्ही वाटणारी स्टीलची भांडी तिथपासून आपल्या घरांत आली.

जुना मिक्सर कधी बदलायचा?

मोटरची वळणं (आतली तारेची वेटोळी) जळली असतील, बुडाचं प्लास्टिक तडकून आतली तार दिसत असेल, किंवा सुटे भाग मिळतच नसतील तेव्हा. बाकी रबर, बुश, सील, पातं, कपलर, कार्बन आणि बटण हे सगळं बदलता येतं. आमच्या सासूबाईंच्या मिक्सरचं आतापर्यंत हे सगळं बदलून झालंय, मोटर पहिलीच आहे, आणि उद्याचं खोबरं त्याच्यावरच वाटायचंय. शेवटी टाकायची वेळ आलीच तर कचराकुंडीत नको, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, आणि चांगल्या स्थितीतली भांडी आधी काढून घ्या. त्याच मॉडेलचा मिक्सर असलेल्या कोणाला तरी ती लागतातच.